मॉनिटरवर 'आरओएचएस' लिहिलंय म्हणजे आत विषारी काहीच नाही असं समजायचं का?

निळीशाई:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण नीट वाचून उत्तर द्या ही विनंती.

घरी दोन मॉनिटर पडून आहेत आणि तिसरा घ्यायचाय. पहिला एकदम जुना, मागे मोठी ढेरी असलेला पिक्चर ट्यूबवाला, कित्येक वर्षं माळ्यावरच आहे. दुसरा २००९ सालचा २२ इंची एलसीडी, तो परवा टेबलावरून पडला, स्क्रीनला खालच्या कोपऱ्यात तडा गेलाय आणि हलवला की आतून बारीक खळखळ ऐकू येते. माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे, मी खोलीत येईपर्यंत तिने तड्यावरून बोट फिरवलं होतं. लगेच साबणाने हात धुतले तिचे, पण नंतर वाचलं की या मॉनिटरांमधे पारा असतो आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. मागच्या स्टिकरवर आरओएचएस लिहिलेलं आहे आणि मी इतकी वर्षं त्याचा अर्थ 'विषमुक्त' असाच धरून चालले होते.

तर विचारायचं असं की बोटाला लागलं असेल ते नक्की काय, या शिक्क्याचा खरा अर्थ काय, आणि नवीन घेताना टीसीओ, ईपीट असली नावं दिसतात त्यातलं काही बघण्यासारखं आहे का की सगळी जाहिरातच?

पाचवापाना:

आधी पोरीचं बोलू, बाकीचं नंतर. मी दुरुस्तीचं काम करतो, असे पडलेले पॅनल खूप पाहिलेत.

तड्यातून येतं ते लिक्विड क्रिस्टल, पारा नाही. दोन काचांमधली फट साधारण चार मायक्रॉनची असते, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी, त्यामुळे अख्ख्या २२ इंची पॅनलमधलं सगळं द्रव गोळा केलं तरी अर्ध्या मिलिलिटरच्या आसपासच भरेल, आणि वर प्लास्टिकची पोलरायझर फिल्म चिकटवलेली असते ती बहुतेक वेळा काच तडकली तरी फाटत नाही. हात लगेच धुतलेत ना, ते उत्तम केलंत. बोटात काचेचा कण शिरलेला नाही ना तेवढं उजेडात नीट बघा, माझ्या मते तिथे खरा धोका तोच.

पारा असतो तो मागे, बॅकलाइटच्या म्हणजे स्क्रीनला मागून उजेड देणाऱ्या नळ्यांमधे. २००९ चा आहे म्हणजे बहुतेक सीसीएफएल, म्हणजे ट्यूबलाइटसारख्या नळ्याच असणार. बॉलपेनच्या रिफिलइतक्या बारीक काचेच्या नळ्या, वरच्या आणि खालच्या कडेला पत्र्याच्या पन्हाळीत बसवलेल्या. मॉनिटरमधे साधारण दोन किंवा चार. खळखळ ऐकू येते म्हणताय म्हणजे एखादी तुटलेली असू शकते किंवा नुसता प्लास्टिकचा तुकडाही असू शकतो, बाहेरून कळणार नाही.

काय करायचं ते सांगतो. उघडू नका. 'बघू तरी कुठली नळी गेलीये' असं वाटेल पण नकोच. प्लग काढा, एका मोठ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड चिकटपट्टीने बंद करा, खोक्यात ठेवा, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी. पडला तिथे काचेचे बारीक तुकडे दिसले तर खिडक्या उघडून थोडा वेळ सगळे बाहेर व्हा, मग जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने टिपा, ओल्या कागदाने पुसा आणि तो कागदही झाकणाच्या बरणीत टाका. झाडू नाही आणि व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नाही, कारण त्याने पारा हवेत पसरतो.

आणि माळ्यावरच्या ढेरीवाल्याला तर कुणालाच हात लावू देऊ नका. त्या ट्यूबच्या आत निर्वात असतं, मानेपाशी धक्का बसला तर काच आतल्या बाजूला फुटून जोरात उडते. असा मोठा मॉनिटर उतरवायला दोन माणसं लागतात, एकट्याने शिडीवरून काढू नका.

मोजमाप:

मी तपासणी प्रयोगशाळेत काम करते, रोज हेच बघते, म्हणून शिक्क्याबद्दल सविस्तर लिहिते. लांब होईल, चालवून घ्या.

आरओएचएस हा युरोपचा कायदा, मूळ २००२ चा, लागू झाला १ जुलै २००६ पासून. त्यात सुरुवातीला सहा गोष्टी होत्या, शिसं, पारा, कॅडमियम, हेक्साव्हॅलंट क्रोमियम आणि प्लास्टिकला आग लागू नये म्हणून घालतात ती ब्रोमीनची दोन रसायनकुळं, पीबीबी आणि पीबीडीई. मर्यादा ०.१ टक्का, म्हणजे १००० पीपीएम, फक्त कॅडमियमला दसपट कडक, १०० पीपीएम. पुढे चार थॅलेट वाढवली, जी केबलच्या आवरणाला लवचिक करायला वापरतात, ती २२ जुलै २०१९ पासून. तर पहिली गोष्ट हीच की हा कायदा 'शून्य' म्हणत नाही, 'इतक्याच्या आत' म्हणतो.

आता 'इतक्याच्या आत' कशाच्या? इथे सगळ्यांची गफलत होते. मर्यादा अख्ख्या मॉनिटरच्या वजनावर नाही, प्रत्येक एकजिनसी पदार्थावर आहे. एकजिनसी म्हणजे कापून, घासून, खरवडून ज्याचे पुढे वेगळे पदार्थ करता येत नाहीत असा. केबल घेतली तर आतलं तांबं वेगळं, बाहेरचं प्लास्टिक वेगळं. बोर्डावरचा सोल्डरचा एकेक ठिपका वेगळा, स्क्रूवरचा मुलामाही वेगळा. हे फार शहाणपणाचं कलम आहे असं मी मनापासून मानते. मॉनिटर चार किलोचा आणि ०.१ टक्का अख्ख्यावर मोजला असता तर चार ग्रॅम शिसं कुठेही एका जागी घालून मोकळं होता आलं असतं. सोल्डरच्या ठिपक्यालाच ०.१ टक्का लावल्यामुळे सगळ्या उद्योगाला जुनं ३७ टक्के शिशाचं सोल्डर सोडून कथील-चांदी-तांब्यावर यावं लागलं.

दुसरी बाजू सवलतींची. ज्या कामाला त्या वेळी पर्याय नव्हता तिथे कायद्यानेच सूट दिली. पिक्चर ट्यूबच्या काचेतल्या शिशाला सूट. बॅकलाइटच्या नळ्यांतल्या पाऱ्याला सूट, आणि तिथे टक्के नाहीत, दर नळीमागे मिलिग्रॅम: अर्ध्या मीटरपर्यंतच्या नळीला ३.५, दीड मीटरपर्यंत ५, त्याहून लांब नळीला १३. आणि निळीशाई, तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे हे आकडे २०१२ पासून लागू झाले. २००९ मधे या नळ्यांना आकड्याची मर्यादाच नव्हती. म्हणून तुमच्या मॉनिटरवरचा शिक्का खोटा नाही आणि आत पारा आहे हेही खरं, दोन्ही एकदम.

सवलती कायमच्या नसतात, त्यांची मुदत संपते, पुन्हा अर्ज होतात, वाद होतात. पाऱ्याचं म्हणाल तर मिनामाता करार, जो २०१३ मधे झाला आणि ऑगस्ट २०१७ पासून अमलात आहे, त्याने आधी नळ्यांना हेच मिलिग्रॅमचे आकडे लावले आणि मग २०२२ च्या बैठकीत डिस्प्लेसाठीच्या सगळ्या लांबीच्या अशा नळ्यांचं उत्पादन २०२५ पर्यंत बंद करायचं ठरलं. तोवर एलईडी बॅकलाइटने बाजार व्यापलेलाच होता म्हणा, पण कागदावर दार बंद झालं हे चांगलंच झालं.

शेवटचंपान:

माझा एक प्रामाणिक प्रश्न आहे, कुणाला दुखवायचं नाही. अर्धा मिलिलिटर द्रव, दर नळीमागे दोन-चार मिलिग्रॅम पारा, तोही बंद नळीत, शिसं काचेत वितळून बसलेलं. मग वापरणाऱ्याला धोका आहे तरी कुठे? मॉनिटर कुणी खात नाही. इतके कायदे, करार, शिक्के या सगळ्याने किंमत वाढते ती आपणच देतो ना?

वेगळंकरा:

शेवटचंपान, प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर तुमच्या टेबलावर नाही, माझ्या टेबलावर आहे. मी रिसायकलिंगमधे आहे, गेली अकरा वर्षं.

मॉनिटर चालू असतो तेव्हा बहुतेक गोष्टी खरंच बंद असतात. पण तो काही कायम चालू राहत नाही. आमच्याकडे येतो तेव्हा कुणीतरी हाताने तो उघडतं. सीसीएफएलवाला पॅनल उघडताना नळ्या तुटल्याशिवाय निघतच नाहीत असे दिवस असतात, कितीही जपून करा, कारण ट्रकमधे एकावर एक रचून आणलेल्या मालात अर्ध्या आधीच तुटलेल्या असतात. एका मॉनिटरमधले चार-आठ मिलिग्रॅम तुम्हाला किरकोळ वाटतात, पण दिवसाला शेकडो मॉनिटर उघडणाऱ्या माणसाच्या नाकासमोर त्याचा हिशोब वेगळा होतो. म्हणून आमच्याकडे खालून हवा ओढणारी टेबलं आहेत, मुखवटे आहेत, हवेतला पारा मोजायचं यंत्र आहे. ज्या ठिकाणी यातलं काहीच नाही तिथे काय होत असेल त्याचा विचार मला रात्री त्रास देतो.

पिक्चर ट्यूबचं तर विचारूच नका. समोरची काच वेगळी, तिच्यात बेरियम-स्ट्रॉन्शियम असतं, शिसं नसतंच जवळपास. मागच्या नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत साधारण पाचवा ते चौथा हिस्सा शिशाचा ऑक्साइड, क्ष-किरण अडवायला. आणि या दोन काचा जोडणारी जी पांढुरकी कड असते ती सगळ्यात वाईट, तिच्यात शिशाचं प्रमाण आणखी खूप जास्त. एका मोठ्या ट्यूबमधे सगळं मिळून एक-दोन किलोच्या वर शिसं भरतं. पूर्वी ही काच वितळवून नवीन ट्यूब बनत, चक्र पूर्ण व्हायचं. नवीन ट्यूब बनायच्याच थांबल्या आणि त्या काचेला गिऱ्हाईक उरलं नाही. अख्खी काच तशी शांत असते, पण फोडली, दळली की तिची धूळ होते आणि ती फुप्फुसात जाते.

मग प्लास्टिक. मॉनिटरच्या मागच्या जाड काळ्या कव्हरात पूर्वी ब्रोमीनची रसायनं किलोमागे कित्येक ग्रॅम, काही वेळा शंभरावर ग्रॅम असायची. ती उघड्यावर कमी तापमानाला जाळली, तार सोलायला नको म्हणून केबलसकट पेटवून तांबं काढलं, की डायॉक्सिन नावाची अतिविषारी रसायनं तयार होतात. चीनमधलं ग्वियू हे गाव यामुळेच जगभर माहीत झालं, तिथल्या लहान मुलांच्या रक्तात शिसं वाढलेलं सापडलं होतं.

२०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. बाकीचा कुणाच्या हातून कसा उघडला गेला ते कुणालाच माहीत नाही. किंमत तुम्ही देता असं म्हणालात, पण नियम नव्हते तेव्हाही किंमत दिली जातच होती, फक्त ती आमच्यासारख्यांनी आणि त्या मुलांनी दिली.

मोजमाप:

वेगळंकरा, +१, हे लिहिल्याबद्दल आभार. एकच भर घालते, 'वापरणाऱ्याला काहीच नाही' हेही पूर्ण खरं नाही.

ब्रोमीनच्या रसायनांचे दोन प्रकार. एक, जी प्लास्टिकच्या रेणूला रासायनिक बंधाने जोडली जातात, उदाहरणार्थ सर्किट बोर्डातलं टीबीबीपीए, ते बऱ्यापैकी जागेवर राहतं. दुसरी, जी नुसती मिसळलेली असतात, पीठात मीठ मळावं तशी, पीबीडीई त्यातली. मॉनिटर तापतो, वर्षानुवर्षं चालतो आणि ती हळूहळू बाहेर येऊन घरातल्या धुळीत बसतात. जमिनीवर रांगणारी, हात तोंडात घालणारी मुलं ती धूळ मोठ्यांपेक्षा जास्त पोटात घेतात. थायरॉइड आणि मेंदूची वाढ याबाबत काळजी आहे म्हणूनच वर्षानुवर्षं टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम करारात यातली काही २००९ मधे आणि उरलेलं मुख्य म्हणजे डेकाबीडीई २०१७ मधे घातलं गेलं. अलीकडे लिक्विड क्रिस्टलची रसायनंही घरातल्या धुळीत सापडली आहेत, २०१९ मधे त्यावर मोठा अभ्यास आला, आणि या रेणूंवर आरओएचएसची अजून काही मर्यादा नाही.

हेही लक्षात घ्या की आमचं हातातलं क्ष-किरण यंत्र प्लास्टिकवर धरलं तर ब्रोमीन किती ते अर्ध्या मिनिटात सांगतं, पण ते बंदी असलेल्या पीबीडीईतलं की परवानगी असलेल्या दुसऱ्या कशातलं ते नाही सांगत, त्याला नमुना विरघळवून वेगळी चाचणी लागते. आणि एकावर बंदी आली की त्याच घराण्यातलं जवळचं भावंड पुढे येतं, हे मी माझ्या नोकरीच्या काळात डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून एकेक रसायनाच्या मागे धावण्यापेक्षा अख्ख्या कुळावर मर्यादा घालणारे नियम मला जास्त पटतात. युरोपने १ मार्च २०२१ पासून डिस्प्लेच्या कव्हरात आणि स्टँडमधे हॅलोजनयुक्त ज्वालारोधक सरसकट बंद केले, ते याच विचाराचं पाऊल आहे.

शेवटचंपान:

धुळीचं आणि उघडणाऱ्या माणसांचं खरंच डोक्यात आलं नव्हतं. मागे घेतो किमतीचं.

बारासप्टेंबर:

टीसीओचं कुणीच सांगितलं नाही म्हणून मी लिहितो, मी संस्थेसाठी संगणक खरेदीच्या समितीवर असतो.

टीसीओ ही मुळात स्वीडनमधल्या नोकरदारांच्या कामगार संघटनांचा महासंघ. सरकार नाही, कंपनी नाही. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांनी विचारायला सुरुवात केली की यातून बाहेर काय पडतं, आणि १९९२ मधे पहिला निकष आला तो चुंबकीय-विद्युत क्षेत्र आणि वीज वापरावर. १९९५ मधे त्यात पर्यावरण आलं, घातक पदार्थ आले, म्हणजे आरओएचएस लागू व्हायच्या अकरा वर्षं आधी. मला ही गोष्ट फार आवडते, जे वापरतात त्यांनीच मागितलं म्हणून घडलं. पुढे त्यांनी पद्धतच उलटी केली. 'ही रसायनं वापरू नका' अशी यादी देण्याऐवजी ज्वालारोधक, प्लास्टिसायझर वगैरेंसाठी 'तपासून मान्य केलेलीच वापरा' अशी यादी. मोजमाप म्हणाल्या त्या भावंडांच्या प्रश्नावर मला माहीत असलेलं हेच सगळ्यात चांगलं उत्तर आहे, कारण न तपासलेलं नवीन रसायन आपोआप बाहेर राहतं.

ईपीट २००६ चं, अमेरिकेतलं, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या. फरक असा की टीसीओमधे स्वतंत्र तपासणी आधी आणि प्रमाणपत्र नंतर, ईपीटमधे कंपनी निकष जाहीर करते आणि नंतर त्यातून नमुने उचलून पडताळणी होते. दोन्ही चांगले, पण आमच्या समितीत मी टीसीओला वरचं मानतो.

खोक्यावरच्या चित्रावर विश्वास ठेवू नका. दोघांच्याही संकेतस्थळावर मॉडेल नंबर टाकून शोधता येतं, पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरांसकट. आमच्याकडे एकदा एका विक्रेत्याने प्रमाणित मॉडेलचा कागद जोडला आणि माल आला तो जवळपास त्याच नावाचा दुसराच, तेव्हापासून मी प्रत्येक खोक्यावरचा नंबर स्वतः जुळवतो.

अजून एक, क्वांटम डॉट (रंग खुलवणारे अतिसूक्ष्म कण) लिहिलेला डिस्प्ले घेत असाल तर कॅडमियमविरहित आहे का ते जरूर विचारा. रंग सुंदर दिसतात पण सुरुवातीचे बरेच डॉट कॅडमियम सेलेनाइडचे होते. त्यांना आरओएचएसमधे स्क्रीनच्या दर चौरस मिलिमीटरला ०.२ मायक्रोग्रॅमपर्यंत सूट मिळाली होती. ऐकायला काहीच नाही, पण २७ इंची स्क्रीनला गुणाकार करून बघा, ४० मिलिग्रॅमपर्यंत जातं. इंडियम फॉस्फाइडचे डॉट वापरून कॅडमियमशिवाय काम होतं.

वेगळंकरा:

कॅडमियमच्या खुणेचं राहिलं. त्याच २०२१ च्या युरोपीय नियमाने पॅनलमधे मर्यादेपेक्षा जास्त कॅडमियम असेल तर 'आत कॅडमियम आहे' अशी खूण लावायची सक्ती केली. आमच्या टेबलावर ही खूण म्हणजे मोठा आधार, उघडायच्या आधीच कळतं. काचेचंही असंच सुधारलं, पूर्वी पॅनलच्या काचेतले बुडबुडे काढायला आर्सेनिक घालायचे, कॉर्निंग या काच बनवणाऱ्या कंपनीने २००६ मधे आर्सेनिक, अँटिमनी नसलेली काच आणली आणि मग बाकीचेही वळले. म्हणजे मागितलं की होतं.

निळीशाई:

सगळ्यांचे खरंच मनापासून आभार, रात्री नीट झोप लागली. मुलीच्या बोटात काही नव्हतं, भिंग लावून पाहिलं.

काल पाचवापाना म्हणाले तसं केलं. खिडक्या उघडल्या, टेबलाखाली तीन बारीक काचेचे कण सापडले ते पुठ्ठ्याने आणि चिकटपट्टीने उचलून बरणीत टाकले, मॉनिटर दोन पिशव्यांत घालून खोक्यात, वर मोठ्या अक्षरात 'आतल्या नळ्यांत पारा, तुटलेली असण्याची शक्यता' असं लिहिलंय. माळ्यावरचा अजून उतरवला नाही, रविवारी भाऊ आला की दोघं मिळून उतरवणार आणि दोन्ही एकदमच रीतसर ई-कचरा घेणाऱ्यांकडे देणार. नवीन घ्यायला तीन मॉडेल काढली होती, नंबर टाकून पाहिले तर एकच टीसीओच्या यादीत निघालं, दुसऱ्याचं नाव होतं पण शेवटची दोन अक्षरं वेगळी.

वेगळंकरा, एक विचारायचं होतं, देताना ती काचेच्या कणांची बरणी मॉनिटरच्या खोक्यातच ठेवू का वेगळी देऊ?

वेगळंकरा:

वेगळी द्या आणि हातात द्या, खोक्यात नको, वाहतुकीत फुटते. बरणीवर तारीख आणि 'पारा' लिहा. आणि खोक्यावर लिहिलंत त्याबद्दल आमच्या टेबलावरच्या सगळ्यांकडून आभार, असं लिहून आलेलं खोकं वर्षातून एखादंच येतं.